लेकीच्या अ‍ॅनोरेक्सियावरचे उपचार : पुण्यातल्या एका क्लिनिकचा अकरा महिन्यांचा अनुभव

जून २०२४ ते मे २०२५ असे अकरा महिने आम्ही कर्वे रस्त्यालगतच्या एका क्लिनिकमध्ये जात होतो. माझ्या मुलीला अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा झाला होता, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडत जाण्याचा मानसिक आजार. क्लिनिक लहान आहे, तिथे येणारी कुटुंबं मोजकी आहेत, म्हणून नाव लिहीत नाही. मुलीला कोणी ओळखू नये, एवढंच त्यामागे आहे. घरात तिला माऊ म्हणतात, इथेही तेच म्हणतो. हा मजकूर तिने वाचला आहे आणि त्यातली दोन वाक्यं खोडली आहेत. वजनाचे आणि कॅलरीचे आकडे मी कुठेच देणार नाही. हा आजार असलेली मुलं असे आकडे शोधत असतात आणि आपण त्याहून खाली कसं जायचं याचा विचार करतात, हे डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

पाचपैकी चार तारे देतो. एक का कापला ते पुढे येईल.

मी भोसरीतल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. पंचवीस वर्षं मायक्रोमीटर आणि व्हर्निअर हातात आहेत, शतांश मिलिमीटरचा फरक पकडण्याचा पगार घेतो. माझी मुलगी सात-आठ महिने माझ्यासमोर झिजत होती आणि मला ते दिसलं नाही. हे मी इथे लिहितोय कारण सुरुवात कशी होते ते इतर आईबापांना कळायला हवं.

सुरुवात २०२३ च्या नवरात्रात झाली. माऊ नववीत होती. आजीबरोबर नऊ दिवस उपास करते म्हणाली. घरात सगळ्यांना कौतुक. अष्टमीला शेजारच्या काकू म्हणाल्या, "किती छान बारीक झालीस गं, दृष्ट काढा हिची." दसऱ्याला उपास सुटले, पण तिचे सुटले नाहीत. आधी संकष्टी धरली, मग गुरुवार, मग शनिवार. कोणाच्या घरात मुलीला "उपास करू नकोस" म्हणतात? आम्हीही म्हटलं नाही. उलट माझी आई म्हणायची, पोरीला देवाधर्माची आवड आहे. उपासाच्या दिवशी आजी साबुदाण्याची खिचडी खायची आणि माऊ एका केळ्यावर दिवस काढायची. हा फरक डोळ्यांसमोर होता. पण त्याला उपास असं नाव असल्यामुळे कोणी विचारत नव्हतं.

मग तळजाई. रविवारी मी आणि ती टेकडीवर जायचो, तो माझा आठवड्यातला सगळ्यात आवडता तास. ती रोज जायला लागली. मग सकाळ-संध्याकाळ. पाऊस असो, ताप असो, जायचंच. टेकडीवरचे ओळखीचे लोक मला म्हणायचे, आजकालच्या मुलांत अशी शिस्त दिसत नाही. मला अभिमान वाटायचा.

त्याच काळात ती स्वयंपाकघरात रमायला लागली. तासन्‌तास पाककृतींचे व्हिडिओ बघायची, आमच्यासाठी केक, मोदक, पावभाजी करायची, आम्ही खाताना समोर बसून बघायची, आणि स्वतः चवसुद्धा घ्यायची नाही. हातांवर बारीक मऊ लव उगवली. न्हाणीघराच्या जाळीत केसांचे पुंजके. पाळी बंद झाली. मे महिन्यात, पुण्यात चाळिशीचा पारा असताना ती स्वेटर घालून बसायची.

तीन ठिकाणी दाखवलं. एका ठिकाणी रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून टॉनिक देऊन परत पाठवलं. दुसरीकडे पाळी येण्यासाठी गोळ्या मिळाल्या आणि "दहावीचं टेन्शन" असं निदान. तिसऱ्या ठिकाणी मुलीला माझ्यासमोर दरडावलं, "नाटकं बंद कर आणि नीट खा." त्या रात्री ती काहीच जेवली नाही. नंतर समजलं की या आजारात रक्ताचे रिपोर्ट बराच काळ ठीक येऊ शकतात आणि त्यामुळेच घरचे आणि डॉक्टरही गाफील राहतात. गोळ्यांनी पाळी आणली तरी हाडांना त्याचा फायदा होत नाही. हाडं भरण्याचं हेच वय असतं, आणि पोटात अन्न गेल्याशिवाय ती भरत नाहीत.

शेवटी जूनमध्ये ती शाळेच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. मुलांच्या डॉक्टरांनी तिला आधी आडवं झोपवून आणि मग उभं करून नाडी आणि रक्तदाब मोजला. आधीच्या तिघांपैकी कोणी हे केलं नव्हतं. नाडी मिनिटाला ४४. या वयाच्या मुलाची जागेपणीची नाडी ५० च्या खाली गेली तर भरती करण्याचा विचार करतात, कारण उपाशी शरीर काटकसर करताना हृदयावरही करतं, त्याचा स्नायूसुद्धा झिजतो. नऊ दिवस रुग्णालयात होतो.

तिथे मला एक गोष्ट समजत नव्हती. मुलगी उपाशी आहे, मग हळूहळू का वाढवताय, पोटभर द्या की! डॉक्टरांनी समजावलं. फार दिवसांच्या उपासमारीनंतर अन्न एकदम वाढवलं की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढलं जातं, रक्तात ते धोकादायक कमी होतं आणि हृदय बंद पडू शकतं. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या कैद्यांमध्ये हे पाहिलं गेलं होतं. म्हणून रोज रक्त तपासायचं आणि जेवण पायरीपायरीने वाढवायचं. घरच्या घरी, कोणाला न विचारता अशा मुलाला भरवायला जाऊ नका, हे माझं कळकळीचं सांगणं आहे.

रुग्णालयातूनच या क्लिनिकची चिठ्ठी मिळाली. तिथे एक मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर, कुटुंबाशी बोलून उपचार करणाऱ्या एक मानसोपचारतज्ज्ञ बाई आणि आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्या आहारतज्ज्ञ असतात. नाडी, ईसीजी आणि रक्त यांवर मुलांचे डॉक्टर वेगळी नजर ठेवतात, आणि दोन्हीकडचे एकमेकांशी खरोखर फोनवर बोलतात. मला वाटलं होतं, मुलीला आत नेतील, तासभर बोलतील आणि आम्ही बाहेर बसू. पहिल्याच दिवशी बाईंनी सगळ्यांना आत बोलावलं. मी, बायको, माऊ आणि सहावीतला धाकटा.

बायको रडत म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं." बाई म्हणाल्या, "घराला आग लागल्यावर काडी कुणी टाकली ते आपण विचारत बसत नाही. आधी पाणी मारू." मग त्यांनी सांगितलं की या आजारामागे आईबापांची चूक असते ही जुनी समजूत टिकलेली नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात याचे धागे मनाच्या आजारांशी जुळले, तसेच शरीराच्या चयापचयाशीही जुळले. उपास, डाएट, आजारपण अशा कशानेही वजन उतरलं की काही मुलांच्या बाबतीत हे चाक फिरायला लागतं आणि मग त्यांना ते थांबवता येत नाही. बायको त्या रात्री कितीतरी दिवसांनी झोपली.

मग बाईंनी कागदाचे दोन गोल कापले. एक निळा, एक काळा. निळा म्हणजे माऊ, काळा म्हणजे आजार. काळा निळ्यावर ठेवला, निळ्याची बारीकशी कोर तेवढी दिसत होती. "ती तुमच्याशी भांडेल, खोटं बोलेल, अन्न लपवेल. तेव्हा या काळ्याकडे बघायचं. आणि ही कोर आत आहे हे विसरायचं नाही." ते दोन गोल आमच्या फ्रिजवर अकरा महिने चिकटवलेले होते. माऊला ते आधी अजिबात आवडले नव्हते. डिसेंबरमध्ये तिने स्वतः काळा गोल थोडा बाजूला सरकवला.

या पद्धतीला कुटुंबाधारित उपचार म्हणतात. १९८० च्या दशकात लंडनच्या मॉड्स्ले रुग्णालयात ती आकाराला आली. तीन टप्पे असतात. पहिल्यात मुलाने काय, किती, कधी खायचं हे सगळं आईबाप ठरवतात, जसं रुग्णालयात नर्स ठरवते. वजन सावरलं की हळूहळू सूत्रं मुलाच्या हातात परत द्यायची. शेवटी त्या वयाचे बाकीचे प्रश्न. साधारण वीस भेटी, सहा ते बारा महिने. आमच्या बावीस झाल्या. मी पहिल्याच दिवशी विचारलं, बरं होण्याची खात्री किती? डॉक्टरांनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही. २०१० मध्ये अमेरिकेत १२१ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. उपचार संपल्यावर वर्षभराने या पद्धतीतली ४९ टक्के मुलं पूर्ण बरी होती, मुलाशी एकट्याने बोलून केलेल्या उपचारातली २३ टक्के. म्हणजे निम्म्यांना आणखी काही लागतं. मानसिक आजारांमध्ये सर्वाधिक जीव घेणाऱ्यांपैकी हा एक आहे, हेही त्यांनी तिथेच सांगितलं. मला असा माणूस हवा होता.

दुसऱ्या भेटीला जेवणाचा डबा घेऊन या म्हणाले. मुलीच्या वाढीला पुरेल असं तुम्हाला वाटतं ते जेवण आणा, एवढीच सूचना. आम्ही आमच्यासाठी पोळी, बटाट्याची भाजी, वरणभात नेला आणि माऊसाठी काकडी, उकडलेले मूग आणि एक फुलका. बाईंनी डबे बघितले आणि शांतपणे विचारलं, "हिचं जेवण कोणी ठरवलं?" मी म्हणालो, "तिने." बाई काही बोलल्या नाहीत. मी आणि बायकोने एकमेकांकडे बघितलं. आठ महिने आमच्या घरात माऊचं पान आजारच वाढत होता हे आम्हाला त्या खोलीत कळलं. बायकोने स्वतःच्या डब्यातला वरणभात काढला, त्यावर तूप घातलं आणि माऊसमोर ठेवला.

पुढे पावणेदोन तास गेले. माऊने वाटी ढकलली, किंचाळली, मला म्हणाली, "बाबा, तू माझा बाबा नाहीस." मी उठून जायला निघालो होतो. बाईंनी मला तिच्या उजव्या बाजूला बसवलं, बायकोला डाव्या. समजावू नका, विनवू नका, जीवनसत्त्वांवर व्याख्यान नको, सौदा नको. एकच वाक्य, तेही साध्या आवाजात : "आणखी एक घास, माऊ." बायकोने म्हणायचं, मग मी. निम्मा वाडगा गेला. आम्ही घामाने भिजलो होतो. पण आम्हाला हे करता येतं हे आम्ही पाहिलं, आणि मला वाटतं त्या दिवशीचे पंधराशे रुपये वर्षभरातले सगळ्यात सार्थकी लागलेले पैसे होते.

त्यानंतर घरी दिवसातून सहा वेळा हेच. मी दीड महिना रजा घेतली. बायको शिक्षिका, तिला जूनमध्ये रजा मिळेना. तर सकाळचं दूध, नाश्ता, दुपारचं जेवण माझ्याकडे, बाकी तिच्याकडे. जेवणानंतर तासभर सोबत बसायचं, पत्ते, शब्दकोडी, काहीही. टेकडी बंद. वजनकाटा मी कारखान्यात नेऊन ठेवला. वजन फक्त क्लिनिकमध्ये व्हायचं, बाई आलेख आमच्यासमोर धरायच्या आणि रेघ खाली गेली असेल तर आम्हाला रागावायच्या नाहीत, विचारायच्या, "या आठवड्यात काळ्याने काय नवीन केलं?" आलेख मी आयुष्यभर बघत आलोय, पण असा कधी वाचला नव्हता. लक्ष्यही अंदाजे नव्हतं. आजाराआधी ती ज्या रेषेवर वाढत होती ती रेष त्यांनी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१५ च्या तक्त्यावर शोधून काढली, शाळेच्या जुन्या आरोग्यपत्रिकांवरून.

मला सगळ्यात उपयोगी पडलं ते मिनेसोटाचं. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. ते तरुण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, जेवण तासभर लांबवू लागले, उन्हाळ्यात कुडकुडू लागले, चिडके आणि उदास झाले. माऊचे ते व्हिडिओ, ते मोदक, तो स्वेटर! मी ज्याला तिचा स्वभाव बदलला म्हणत होतो त्यातलं बरंचसं निव्वळ उपासमारीचं लक्षण होतं. म्हणून आधी पोट, मग गप्पा. उपाशी मेंदूशी वाद घालून उपयोग नसतो. नातेवाईक विचारायचे, गोळी नाही का याला? या आजारात वजन भरून आणणारी अशी कोणतीही हमखास गोळी नाही. काहींना जोडीला औषध देतात, माऊला लागलं नाही.

आता तक्रारी. क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. नाडी मंद असलेल्या मुलांना ते जिने चढायला लावणं मला पटलं नाही, आणि मी ते तोंडावर सांगितलं. खालच्याच मजल्यावर वजन घटवण्याच्या केंद्राची भली मोठी पाटी आहे, त्यावर आधीचे आणि नंतरचे फोटो. त्यात क्लिनिकचा दोष नाही, पण दर आठवड्याला माझी मुलगी त्या पाटीसमोरून जायची. बाहेरच्या खोलीत एक मासिक पडलेलं होतं, मुखपृष्ठावर डाएट. सांगितल्यावर त्यांनी त्याच क्षणी काढलं, पण आम्ही सांगेपर्यंत कोणाच्या लक्षात का आलं नाही? संध्याकाळी सहानंतर वेळ देत नाहीत, म्हणजे नोकरदार आईबापांची अर्धी रजा दर खेपेला जाते.

आहाराचा तक्ता इंग्रजीत होता आणि त्यात ओट्स, किन्वा, अव्होकाडो. आमच्या अरण्येश्वरच्या घरात हे कोण आणणार? मी आणि बायकोने तो परत लिहिला : लोण्याचा गोळा घालून थालीपीठ, शेंगदाण्याची चटणी तेलात कालवून, तुपातला शिरा, दडपे पोहे, मेतकूट-भात, गूळपोळी. आहारतज्ज्ञांनी तो तपासून दिला आणि आता दुसऱ्या कुटुंबांनाही देतात म्हणे. एक तारा मी मात्र आजीसाठी कापलाय. पहिले काही आठवडे त्यांनी माझ्या आईला बोलावलंच नाही. आपल्याकडे स्वयंपाकघर आजीचं असतं. ती मागून हळूच म्हणायची, "नको जबरदस्ती करू रे, पोर रडतेय," आणि आमचा सगळा जोर तिथेच संपायचा. हे ध्यानात घेतलं नाही तर लंडनची पद्धत पुण्यात चालणार नाही. शेवटी मीच आईला घेऊन गेलो. बाईंनी तिला तेच दोन गोल दाखवले. येताना रिक्षात आई एक शब्द बोलली नाही.

पुढच्याच आठवड्यात, १७ जुलैला, आषाढी एकादशी. माझी आई बहात्तर वर्षांची, लग्न झाल्यापासून एकही एकादशी मोडलेली नाही. पालख्या पुण्यात आल्या की अजून नाना पेठेत दर्शनाला जाते. आम्ही ठरवलं होतं की माऊला त्या दिवशीही रोजचंच जेवण द्यायचं, आणि दोघांच्याही पोटात गोळा आला होता. बारा वाजता आई आली, माऊच्या शेजारी पाट ओढला आणि बायकोला म्हणाली, "मलाही वाढ वरणभात. माझ्या विठ्ठलाला माझी नात उपाशी नको आहे." माऊ चिडली. "आजी, तू माझ्यामुळे उपास मोडलास!" आई म्हणाली, "तुझ्यामुळे नाही गं, त्या काळ्यामुळे," आणि जेवायला लागली. माऊ बराच वेळ नुसती बसून राहिली. ताट संपायला चार वाजले. पण संपलं. तेव्हापासून आमच्या घरात कोणाचाच उपास नाही, डॉक्टर सांगतील तोपर्यंत.

बाहेरच्या खोलीत आम्हाला एक मुलगाही दिसायचा, आणि दिसायला अजिबात बारीक नसलेली एक मुलगीही. मी चुकून बायकोकडे बघून भुवई उंचावली होती, त्याची अजून लाज वाटते. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की वजन भराभर उतरलं असेल तर अंगकाठी सर्वसाधारण दिसत असतानाही हृदयाला तोच धोका असतो. मुलग्यांमध्ये तर आजार फार उशिरा ओळखला जातो, कारण तिथे त्याला व्यायामाचं वेड म्हणतात.

पैशांचं थोडक्यात. कौटुंबिक भेटीचे पंधराशे, आहारतज्ज्ञांचे सातशे, तपासण्या वेगळ्या. रुग्णालयाचं बिल कंपनीच्या विम्यातून निघालं, पण आधी "मानसिक आजार बसत नाही" असं उत्तर आलं होतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांसारखाच विमा द्यायला सांगितलंय, ते कलम जोडून अर्ज केल्यावर मंजूर झालं. कलम २१, उपकलम ४. क्लिनिकच्या भेटींचे पैसे मात्र खिशातून. ज्यांना परवडत नाही किंवा कुठे जायचं तेच कळत नाही त्यांनी सरकारच्या टेलि-मानसच्या १४४१६ क्रमांकावर बोलून बघावं.

सप्टेंबरमध्ये ती शाळेत परत गेली. मधल्या सुट्टीत वर्गशिक्षिका तिच्याबरोबर डबा खायच्या, या बाईंचे उपकार आम्ही विसरणार नाही. नोव्हेंबरात पुन्हा घसरली, तीन आठवडे आलेख खाली, आम्ही पुन्हा सहा वेळा शेजारी बसलो. जानेवारीत पाळी आली. मार्चमध्ये दहावी दिली. टेकडी फेब्रुवारीत पुन्हा सुरू झाली, रविवारीच, माझ्याबरोबर, आणि खाली उतरल्यावर काहीतरी खाऊनच घरी. क्लिनिकच्या शेवटच्या भेटीत बाईंनी तिला एकटीला आत घेतलं. काय बोलणं झालं ते मी विचारलेलं नाही. तीन महिन्यांनी एकदा दाखवायला बोलावलंय, ते चालू आहे. त्यानंतरच्या नवरात्रात तिने विचारलं, "बाबा, एक दिवस करू का?" मी नाही म्हणालो. ती रागावली आणि मग जेवली.

जाणार असाल तर सकाळी दहाची वेळ मागा, तेव्हा खालचं केंद्र बंद असतं आणि पाटीवरचे दिवेही. मुलाला चक्कर येत असेल तर आधी फोन करा, बाई खाली येतात आणि तळमजल्यावरच्या खोलीत बसतात, हे आम्हाला तिसऱ्या महिन्यात कळलं. दुसऱ्या भेटीचा डबा गरम राहणारा न्या, तिथे गरम करायची सोय नाही. चमचे, वाट्या घरूनच. आणि तूप वेगळ्या डबीत घ्या, वरून वाढायला लागतं.